तीन फूट एक इंच

१

माझं काम सांगायला सोपं आहे. लाकडातली ओल मोजायच्या मीटरला बोटभर लांबीच्या दोन सुया असतात, एकमेकींपासून दीड इंचावर. भिंतीला दोन बारीक भोकं पाडायची, आत जाताना जरा वर चढती, म्हणजे पावसाचं पाणी आत ओघळत नाही. सुया थर्माकोलमधून पार घालून मागच्या लाकडाला टेकवायच्या आणि आकडा वाचायचा. बारापर्यंत लाकूड कोरडं. वीस आला की मी घरमालकाची नजर चुकवतो. तिसाच्या वर गेला की भिंत पाडायला सांगतो, कारण तिथलं लाकूड नखाने उकरलं तरी केकसारखं हातात येतं. आकडा भोकाशेजारी पेन्सिलने लिहायचा आणि सोळा इंच पुढे सरकायचं. शेवटी भिंतीच्या रंगाचं, रबरासारखं चिवट सीलंट भरून भोकं बुजवायची. नीट बुजवलेलं भोक समोरून कळत नाही. गाल भिंतीला लावून तिरक्या उजेडात पाहिलं तरच दिसतं. वर्षाने परत जायचं आणि त्याच घराचं काय झालं ते पुन्हा मोजायचं.

मी व्हर्नन टीची, वय एकसष्ट. इथे किनाऱ्यावरच्या विल्मिंग्टनमध्ये या नकली गिलाव्याच्या भिंती पहिल्यांदा आल्या तेव्हा त्या लावणाऱ्यांत मी होतो. लाकडी फळीवर थर्माकोल, त्यावर जाळी, त्यावर हा पातळ रंगीत गिलावा. दिसायला राजवाडा, आत कोट घातलेली झोपडी. आम्ही प्रत्येक फट सीलंटने अशी बंद करायचो की मुंगी शिरू नये. पाणी आत येणार नाही एवढाच विचार केला. आत आलेलं काही बाहेर कसं पडणार, हे त्या काळी कुणी विचारलं नाही, आणि मी तर मुळीच नाही. आता तीच घरं सडताहेत आणि मी त्यांना भोकं पाडत फिरतो. लोक मला तोंडावर हसतात. हसू द्या.

सप्टेंबरचं वादळ येऊन गेलं त्याला दहा दिवस झाले होते. फोन सारखा वाजत होता. मंगळवारी सकाळी माझ्या मुलीचा, डार्लाचा, फोन आला.

“डॅडी, आज माझ्याकडे या. लोकांची घरं नंतर बघा.”

“काय झालं?”

“विनीचा खोकला जात नाहीये. डॉक्टर म्हणतात घरात कुठेतरी ओल आहे, ती शोधा. नाहीतर हिला दवाखान्यात ठेवावं लागेल.”

विनी माझी नात, मला पपॉ म्हणते. आदल्या रविवारीच तिला सहा वर्षं पूर्ण झाली होती. आणि ते घर मी स्वतः उभं केलं होतं. डार्लाच्या लग्नात दुसरं काय देणार होतो? भिंतीच्या प्रत्येक इंचावर माझा हात फिरलेला होता.

२

खोकला नवीन नव्हता. दर सप्टेंबरला विनीला आठवडाभर खोकला व्हायचा आणि मग जायचा. गवतामुळे होतो, धुळीमुळे होतो, असं कुणी ना कुणी सांगायचं. या वर्षी तो गेला नाही. छातीच्या फोटोत डावीकडे पांढुरकं दिसत होतं. डार्लाचा नवरा सहा महिने जहाजावर, ती एकटी. माझ्याशी बोलताना तिने हातातला गोड चहाचा ग्लास तीनदा उचलला आणि तीनदा तसाच खाली ठेवला.

मी आधी खिडक्यांचे खालचे कोपरे तपासले, कारण पाणी तिथूनच शिरतं. दहा. अकरा. नऊ. छप्पर भिंतीला मिळतं तिथे दहा. दारांखाली बारा. घर कोरडं ठणठणीत होतं. खरं सांगतो, मला आधी अभिमान वाटला.

“मग हा वास कसला येतो?” डार्ला म्हणाली.

वास होताच. विनीच्या खोलीत तर सरळ नाकात जात होता, ओलं फडकं बादलीत दोन दिवस राहिलं तर येतो तसा. पण विनीच्या खोलीची बाहेरची भिंत उत्तरेची, तिला खिडकी नाही, दार नाही, नळ नाही, आणि वर रुंद ओसरीचं छत. पाऊस तिथे पोचतच नाही. आमच्या धंद्यात अशा भिंतीला कुणी हात लावत नाही. जिथे फट नाही तिथे पाणी नाही, असं मी स्वतः पोरांना शिकवलं आहे.

मी मीटर पेटीत ठेवत होतो तेवढ्यात विनी बाहेरून खोकत खोकत आली.

“पपॉ, इथे तू आधीच पाडलीस का भोकं?”

तिने उत्तर भिंतीचा कोपरा दाखवला. दोन बारीक भोकं. मी पट्टी लावली. दीड इंच अंतर. जमिनीच्या पातळीपासून तीन फूट एक इंच उंच.

“सुतारपक्षी असणार,” मी म्हणालो. “या भिंतींना टोचतात ते. मेल्यांना आतून पोकळ वाटतं.”

“पक्षी इतकं सरळ टोचतो?” विनीने विचारलं. मी भोकांच्या कडा पाहत होतो. बाहेरून सुई घातली की गिलावा आत दबतो. इथे गिलाव्याचा पापुद्रा बाहेर उचलला होता आणि थर्माकोलचे पांढरे दाणे बाहेरच्या बाजूला चिकटले होते.

मी त्याच भोकांत सुया घातल्या. त्या अडकल्या नाहीत, खरवडल्या नाहीत. काटा पार टोकाला जाऊन थांबला. चाळीस. त्यापुढे माझा मीटर मोजतच नाही.

३

मी भोकं बुजवली आणि बुधवारी सकाळी पुन्हा गेलो. बुजवलेल्या जागी नवी भोकं पाडून मोजलं. नऊ. रात्रीत चाळीसचं नऊ होत नाही. भिजलेलं लाकूड वाळायला महिने लागतात, आणि बंद भिंतीत तर ते वाळतच नाही.

मग मी गाल भिंतीला लावला. नवी जोडी सोळा इंच पुढे होती. उंची तीच, तीन फूट एक इंच. काटा चाळीसवर.

मीटर बिघडला असेल म्हणून पेटीतल्या सुक्या लाकडाच्या ठोकळ्यावर लावून पाहिला. सात, नेहमीसारखा. तळहातावर टेकवला. काटा लगेच टोकाला गेला, कारण माणूस म्हणजे बहुतेक पाणीच. मीटरला काही झालं नव्हतं.

पाणी खाली जातं. कधी लाकडाच्या रेषेने तिरकं जातं. पण कोपऱ्यापासून सुरुवात करून दर सोळा इंचांवर, एकाच उंचीवर, पाणी जात नाही. तसा मी जातो. तसा माझ्या धंद्यातला माणूस जातो.

हे मी डार्लाला सांगितलं नाही. तिला म्हणालो की अजून शोधतोय.

दुपारी विनी झोपली होती. मी तिच्या खोलीत उत्तर भिंतीला कान लावून बसलो. रस्त्यावर कुणीतरी वादळात पडलेलं झाड करवतीने कापत होतं. ते थांबल्यावर भिंतीतला आवाज ऐकू आला. थर्माकोल दाबल्यावर दातांत शिरशिरी आणणारी कुरकुर होते ना, ती. कुर्र. मग शांतता. मग पुन्हा कुर्र.

तो आवाज मी रोज ऐकतो. सुया आत जातानाचा आवाज. आणि मधली शांतता किती वेळाची, तेही मला माहीत होतं. आकडा लिहायला लागतो तेवढा वेळ.

पलंगावर विनी खोकली. शांतता लांबली. तिचा खोकला थांबेपर्यंत ती तशीच राहिली, आणि मला अगदी पक्कं वाटलं की भिंतीच्या आत कुणीतरी कान देऊन थांबलं आहे.

४

गुरुवारी तिसरी जोडी सापडली. आता पुढची जागा कोणती ते मोजायची गरज नव्हती. मी आत जाऊन पाहिलं, आणि बाहेर येऊन पुन्हा पाहिलं. पुढचे सोळा इंच बरोबर विनीच्या पलंगाच्या उशाशी येत होते.

“मी उद्या ही भिंत उघडतो,” मी डार्लाला म्हणालो.

“उद्या का? आज का नाही?”

“आज पाऊस आहे. पावसात भिंत उघडायची नाही. उघडी फळी भिजली की संपलं सगळं.”

“डॅडी, तिला रात्री श्वास घेता आला नाही. मी तिला बसवून धरलं होतं, चार तास.”

“म्हणून तर सांगतो, घाईने काम बिघडवू नको.”

“काम?” ती ओरडली नाही. हळूच म्हणाली, त्याने जास्त लागलं. “मी तिला तुमच्या घरी घेऊन जाऊ का? आत्ताच?”

माझं घर नदीकाठी, जुनं, फळ्याफळ्यांचं. वारा एका फटीतून येतो आणि दुसरीतून जातो. हो म्हणायला हवं होतं. पण मी बांधलेल्या घरातून माझीच पोर पळून जाणार, हे माझ्या गळ्याखाली उतरेना.

“पळण्यासारखं काही नाही,” मी म्हणालो. “एका रात्रीचा प्रश्न आहे. तिला तुझ्या खोलीत झोपव, दार लावून घे.”

हे वाक्य मी बोललो. त्यानंतर कितीदा तरी मनात ते परत घेतलं आहे.

डार्ला विनीला घेऊन आपल्या खोलीत गेली. मी उत्तरेच्या खोलीत उभा राहिलो. छतावर पाऊस वाजत होता, भिंत कोरडी होती. आणि मग मी असं काही केलं की कुणी पाहिलं असतं तर मला वेड लागलंय म्हणून सांगितलं असतं. मी गुडघ्यांवर बसलो, कॉलर मागे ओढली आणि मान उशाजवळच्या भिंतीला त्याच उंचीवर लावली.

“मी बांधलंय हे,” मी भिंतीला म्हणालो. “मी बुजवलंय सगळं. तुला मोजायचं असेल तर माझं मोज. तिचं नको. तिला सोड.”

बराच वेळ मी तसाच होतो. पाय बधिर झाले. भिंतीतून काही आवाज आला नाही. भिंतीला माझ्यात रस नव्हता.

संध्याकाळी मी करवत आणायला घरी गेलो.

५

शुक्रवारी सकाळी लख्ख ऊन होतं. डार्ला दारातच उभी होती, पायांत काही न घालता.

“ती तिच्या पलंगावर होती,” ती म्हणाली. “मी दार लावलं होतं डॅडी, तुम्ही सांगितलं तसं. सकाळी उठले तर माझ्या शेजारी नाही. तिकडे जाऊन झोपलेली, भिंतीकडे पाठ करून. म्हणते, उशी घ्यायला गेले होते.”

“कशी आहे?”

“तेच तर. खोकत नाहीये. रात्रीपासून एकदाही नाही.” आणि ती रडायला लागली, आनंदाने की कशाने ते तिलाही कळत नसावं.

या वेळी मी वाद घातला नाही. दोघींना गाडीत बसवलं आणि माझ्या घराची किल्ली डार्लाच्या हातात दिली. विनी मागच्या काचेतून हात हलवत होती. चेहरा स्वच्छ, गाल गुलाबी. आठवडाभरात ती इतकी बरी दिसली नव्हती.

मग मी करवत घेऊन बाहेरच्या भिंतीशी गेलो.

विनीच्या उशाच्या मागे, बाहेरच्या बाजूला, भोकं नव्हती. मी गाल लावून पाहिलं, बोटं फिरवली. काहीच नाही. मी जमिनीपासून चार फुटांचा चौकोन आखला आणि कापला. गिलावा आणि थर्माकोल एका तुकड्यात निघाले. मागची फळी सोनेरी, कोरडी, जशी मी लावली होती तशी. माझी आठ वर्षांपूर्वीची पेन्सिलची खूणही होती.

आणि फळीवर भोकं होती. दोन दोन, दीड इंचावर. बाहेरच्यासारखी आडव्या रांगेत नाहीत, एकावर एक चढत गेलेली, शिडीसारखी. सहा जोड्या. सगळ्यात खालची दोन फुटांच्या थोडी खाली, सगळ्यात वरची तीन फूट एक इंचावर. ही भोकं थर्माकोलकडे निघाली नव्हती. ती उलट्या दिशेला, खोलीकडे गेली होती.

प्रत्येक जोडीशेजारी आकडा होता. पेन्सिलचा नव्हे. ओल्या बोटाने फळ्यावर काढावा तसा, ओलीचा. आणि लिहिण्याची जागा भोकाच्या उजवीकडे, जरा खाली. मी लिहितो तिथेच.

खालून वर नऊ, अकरा, चौदा, एकोणीस, सव्वीस.

ऊन थेट फळीवर पडत होतं. खालचे आकडे माझ्या डोळ्यांदेखत वाळत होते. सहावा वाचायला मी वर पाहिलं. तो सगळ्यात ओला होता, तरी कडेने आधीच फिका झाला होता. मी हाताची सावली धरली, टोपी धरली, तोंडाची वाफ घातली. दोन अंकी आकडा होता एवढं खात्रीने सांगतो. मागचा अंक गेलाच होता. पुढचा दोन होता की तीन, ते मी पाहेपर्यंत वाळला.

६

मी आत गेलो. विनीच्या खोलीच्या दाराच्या चौकटीवर डार्ला दर वाढदिवसाला तिला उभी करून पेन्सिलने रेघ मारते. माझी बायको डार्लासाठी तसंच करायची. सहा रेघा, सहावी पाच दिवसांची ताजी.

मी पट्टी लावून प्रत्येक रेघेची उंची घेतली आणि बाहेर जाऊन जोड्यांशी ताडून पाहिली. प्रत्येक जोडी आपल्या रेघेपेक्षा वीतभर खाली होती. एक वर्षाची विनी, दोन वर्षांची, तीन, चार, पाच, सहा.

मी स्वतःला समजावलं. वाळवी असेल. जुनी फळी असेल, आधीच्या कामाची, दुकानातून तशीच आलेली. आकडे म्हणजे ओलीचे डाग, आणि माणसाला डागात काहीही दिसतं. हे सगळं मी मोठ्याने बोललो, रिकाम्या घरात. एका मुलीच्या डोक्यापासून वीतभर खाली काय असतं, एवढं मात्र मी बोललो नाही.

७

दुपारी माझ्या घरी पोचलो तेव्हा स्वयंपाकघरातून कोळंबी तळल्याचा वास येत होता. डार्ला गाणं गुणगुणत होती. कित्येक महिन्यांत मी तिचं गुणगुणणं ऐकलं नव्हतं.

“अजून एकदाही खोकली नाही, डॅडी!” ती आतूनच ओरडली. “दोन बिस्किटं खाल्ली लोणी लावून. तुमची भुताटकीची जुनी झोपडीच बरी म्हणायची!”

माझा जीव भांड्यात पडला. खरंच पडला, क्षणभर. विनी पुढच्या खोलीत खिडकीपाशी जमिनीवर बसून चित्र रंगवत होती. पश्चिमेचं ऊन तिरकं येत होतं. तिने चित्रावर वाकताना केस खांद्यावरून पुढे घेतले.

मानेवर काही नव्हतं. मी जवळ गेलो, तरी काही नव्हतं. मग मी तिच्या मागे जमिनीवर पालथा झालो आणि डोकं तिरकं करून पाहिलं.

दोन ठिपके. मी बोट लावलं. तिथली कातडी कातडी नव्हती. गुळगुळीत, किंचित चिवट, नखाखाली दबणारी. रंग मात्र इतका जुळवलेला की मला आयुष्यात इतका जुळवता आला नाही.

“डार्ला,” मी आवाज साधा ठेवून विचारलं, “हिच्या मानेवर काही पाहिलंस का तू?”

“डास असेल. नदीकाठी राहता, डास नाहीत तर काय मोर येणार?”

मी गाडीकडे गेलो आणि पेटी घेऊन आलो. का आणली ते मला विचारू नका. मी कुणाला दुखवणार नव्हतो. तळहातावर काटा लगेच टोकाला जातो हे ठाऊक असूनही मला फक्त तो आकडा हवा होता. एकोणतीस असेल तर अजून वेळ आहे, घर वाचतं, मी शेकडो घरं वाचवली आहेत, हवा लागू द्यायची, वाळू द्यायचं. आणि तीसच्या वर असेल तर? तीसच्या वर मी लोकांना काय सांगतो ते मला पाठ आहे. पुढचा अंक दोन की तीन, एवढंच कळू दे, असं मी देवाकडे मागत होतो, पेटीची कडी काढताना.

सुया बाहेर आल्या. विनीने त्यांच्याकडे पाहिलं.

तिने रंगाचा खडू डबीत नीट ठेवला, उठली आणि भिंतीपाशी जाऊन तिच्याकडे पाठ करून नाही, तोंड करून उभी राहिली. मग दोन्ही हातांनी केस वर धरले आणि मान खाली घातली. मी तिला काही सांगितलं नव्हतं. पाय जुळवून, श्वास रोखून, ती अशी उभी होती जशी शाळेतली मुलं रांगेत उभी राहतात, सवयीने.

“लवकर कर हं, पपॉ,” ती भिंतीला म्हणाली. “आणि झालं की बुजव.”